गोळीचें शिसें आणि रक्तांतलें शिसें

इतिहासलेखकाचे कान स्वभावतःच मोठ्या आवाजाकडे वळलेले असतात. तोफ कडाडली, सुरुंग उडाला, तट ढांसळला, निशाण बदललें, कीं त्याची लेखणी चालूं लागते. परंतु मनुष्याच्या नाशाचीं कित्येक कारणें अशीं आहेत कीं, त्यांना आवाजच नसतो. त्यांची बखर कोणी लिहीत नाहीं, त्यांच्यावर पोवाडा रचला जात नाहीं, आणि ज्यांचा त्यांत बळी पडतो त्यांनाहि आपण कशानें मरत आहों हें कळत नाहीं. शिसें या धातूचे असे दोन इतिहास आहेत. एक गर्जणारा, दुसरा मुका. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्याचा परिचय करून देणें, आणि तो आपल्या किनाऱ्याशीं कसा येऊन भिडतो हें दाखविणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हे दोन्ही इतिहास एकाच जागीं उभें राहून पाहावयाचे असतील, तर वसईचें पाचूबंदर त्यास योग्य आहे. वसईची खाडी जेथें अरबी समुद्रास मिळते तेथें, किल्ल्याला लागूनच, ही कोळ्यांची वस्ती आहे. पाठीशीं जुना तट, समोर समुद्र. पाठीशीं सरलेला काळ, समोर रोजचा चरितार्थ. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. त्या वेढ्याचीं वर्णनें मराठी वाचकास नवीं नाहींत. त्या रणांत दोन्ही पक्षांचीं जीं माणसें पडलीं, त्यांच्यावर बंदुकांच्या तोंडून जें बरसलें तें शिसें होतें. तोफेचा गोळा लोखंडाचा किंवा दगडाचा असे. बंदुकीची गोळी मात्र शिशाची. याचें कारण त्या धातूच्या गुणांत आहे. शिसें सुमारें ३२७ अंश उष्णतेवर, म्हणजे साध्या लांकडाच्या विस्तवावरहि, वितळतें. सांच्यांत ओतलें कीं हवा तो आकार घेतें. आणि आकाराच्या मानानें तें फार जड असतें. छावणींतल्या चुलीवर शिपायास गोळ्या ओतून घेतां येत, त्या यामुळेंच.

नेमके हेच गुण कोळ्यासहि हवे असतात. जाळ्याच्या वरच्या दोरास तरंगणाऱ्या वस्तु बांधाव्या आणि खालच्या दोरास शिशाचीं वजनें ओंवावीं, म्हणजे जाळें पाण्यांत भिंतीसारखें उभें राहतें. खाडीच्या कांठावरून फेंकावयाचें जें जाळें, ज्यास कोंकणांत पाग म्हणतात, त्याच्या कडेलाहि अशींच वजनें असतात. तीं झिजतात, तुटून समुद्रांत जातात, आणि नवीं ओतावीं लागतात. म्हणजे ज्या धातूनें तटावर माणसें मारलीं, त्याच धातूच्या आधारानें तटाखालीं माणसें पोट भरतात. इतिहासानें पहिल्या शिशाची नोंद केली. दुसऱ्याची केली नाहीं, कारण त्यांत नोंदण्यासारखें कांहीं घडतें असें कोणास वाटलेंच नाहीं.

शिशाशीं आपला संबंध केवळ दारूगोळ्याचा व जाळ्याचा नाहीं. तो आपल्या देव्हाऱ्यापर्यंत पोंचलेला आहे. मारुतीस व गांवच्या वेशीवरील देवतांस जो शेंदूर तेलांत कालवून चढवितात, तो मूळचा शिशाचाच एक तांबडा भस्मरूप पदार्थ होय. हळदीपासून केलेलें कुंकू निराळें आणि शेंदूर निराळा, हा भेद आपल्या आज्यांस चांगला ठाऊक होता. हाच पदार्थ जगभरच्या जहाजांच्या लोखंडावर व लांकडावर, गंज आणि कीड टाळण्यासाठीं, पहिला हात म्हणून दिला जात असे. भारतीयांस शिशाची ओळख फार जुनी आहे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेंत धातूंच्या गणनेंत सीस येतें. अथर्ववेदांत तर दुष्ट शक्तींचा नाश करण्यासाठीं शिशास पाचारण केलेलें आहे. राजस्थानांत उदेपुराजवळ जावर येथें शिशाच्या व जस्ताच्या प्राचीन खाणी आहेत. सतराव्या शतकांत इंग्रज व्यापारी सुरतेस जो माल उतरवीत, त्यांत बनातीबरोबर शिसेंहि असे. सिंधुदुर्गाच्या पायाच्या दगडांत शिवछत्रपतींनीं शिसें ओतविलें, ही परंपरा तर प्रत्येक मराठी मुलानें ऐकलेली असते.

आपल्या रसशास्त्रानें या धातूस दिलेलें नांव मोठें अर्थपूर्ण आहे. तें नांव म्हणजे नाग. सोनें, रुपें, तांबें, लोखंड हे शुद्ध लोह. नाग आणि वंग, म्हणजे शिसें आणि कथील, हे पूतिलोह, अशी वर्गवारी त्या शास्त्रानें केली. शोधन व मारण या संस्कारांवांचून नाग पोटांत घेऊं नये अशी सक्त ताकीद ग्रंथकारांनीं दिली, यावरून त्याच्या विषारीपणाची जाणीव त्यांना होती हें उघड आहे. मात्र संस्कारानंतर तो निरुपद्रवी होतो हा विश्वास आजच्या मोजणीपुढें टिकत नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या परिसरांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. परंपरेविषयीं आदर बाळगूनहि हा आंकडा डोळ्यांआड करतां येत नाहीं.

पाश्चात्यांचा इतिहासहि याहून फारसा निराळा नाहीं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील ग्रीक कवि निकांडर यानें शिशाच्या विषबाधेचीं लक्षणें वर्णिलीं आहेत. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानें शिशाच्या कारागिरांचे फिकट चेहरे पाहून, पाण्यासाठीं शिशाच्या नळांऐवजीं मातीचे नळ बरे, असें लिहून ठेविलें. १७०० सालीं रामात्सिनी या इटालियन वैद्यानें कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत शिशाचा चकाकणारा लेप देणाऱ्या कुंभारांची दशा वर्णन केली. १८३९ सालीं तांकेरेल या फ्रेंच वैद्यानें पॅरिसच्या रुग्णालयांतील बाराशेंहून अधिक रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेंजामिन फ्रँकलिन हा मूळचा मुद्रक, म्हणजे शिशाचे खिळे हाताळणारा. १७८६ सालच्या एका पत्रांत शिशाच्या दुष्परिणामांची हकीकत सांगून, एखादें उपयुक्त सत्य कळल्यापासून तें लोकांच्या आचरणांत येईपर्यंत किती काळ लोटतो, याविषयीं त्यानें खेद व्यक्त केला आहे. पुढील दोनशें वर्षांनीं त्याचा खेद खरा ठरविला.

या सर्व जुन्या वैद्यांस जें दिसलें तें शिशाचें उग्र रूप होतें. पोटांत मरणप्राय कळा येणें, मनगट लुळें पडणें, हिरड्यांवर निळसर रेषा उमटणें, वेड लागणें, हीं लक्षणें डोळ्यांना दिसणारीं आहेत. हृदय आणि रक्तवाहिन्या यांवरील परिणाम त्यांना दिसला नाहीं, यांत त्यांचा दोष नाहीं. रक्ताचा दाब वाढला म्हणून मनुष्य ओरडत नाहीं. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचें यंत्र रिव्हा-रोची यानें १८९६ सालीं तयार केलें, आणि नाडीचे ध्वनि ऐकून तो मोजण्याची रीति कोरोटकॉव्ह यानें १९०५ सालीं दाखविली. त्यापूर्वीं रक्तदाब ही वैद्याच्या बोटांनीं अदमासानें ओळखावयाची गोष्ट होती. शिवाय रक्तांतील शिसें दशलक्षांशाच्या भाषेंत मोजण्याचीं साधनें तर विसाव्या शतकांतच हातीं आलीं. ज्याचें माप नाहीं त्याचें पाप कोणाच्याहि पदरीं घालतां येत नाहीं. शिशाचा मुका इतिहास हा वस्तुतः मापनाचा इतिहास आहे.

शिसें शरीरांत काय करतें, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. तें तोंडावाटे धुळीबरोबर किंवा श्वासावाटे धुराबरोबर आंत शिरतें. रक्तांत आल्यावर त्याचा बहुतेक भाग तांबड्या पेशींस चिकटतो, आणि तेथून तो सर्व शरीरांत पसरतो. चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि शिसें यांच्यांत शरीराची फसगत होण्याइतकें साम्य आहे. म्हणून शरीर चुन्याच्या जागीं शिसें सांठवितें. प्रौढ मनुष्याच्या शरीरांतील नऊदशांशांहून अधिक शिसें त्याच्या हाडांत असतें, आणि तें तेथें दशकेंच्या दशकें राहतें. गरोदरपणांत किंवा उतारवयांत हाडें झिजूं लागलीं म्हणजे हें जुनें शिसें पुन्हां रक्तांत उतरतें. रक्तवाहिन्यांचें अस्तर नायट्रिक ऑक्साइड नांवाचा एक वायु निर्माण करीत असतें; त्याच्या योगानें वाहिन्या सैल राहतात. शिशामुळें हा वायु पुरेसा मिळेनासा होतो, वाहिन्या ताठर होतात, मूत्रपिंडांची शक्ति क्षीण होते, आणि दाब चढतो. पुढें हृदयविकार किंवा अर्धांगवायु होतो तेव्हां वैद्य मीठ, तंबाखू, मद्य, चिंता किंवा वंश यांकडे बोट दाखवितो. तीं कारणेंहि खोटीं नसतात. परंतु वीस वर्षांपूर्वीं हाडांत जाऊन बसलेला हा पाहुणा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

विसाव्या शतकांत हा पाहुणा प्रत्येकाच्या घरीं जाऊन पोंचला, तो मोटारींच्या धुरांतून. १९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत टॉमस मिजली या संशोधकास असें आढळलें कीं, टेट्राएथिल लेड हा शिशाचा द्रव पेट्रोलमध्यें अल्प प्रमाणांत मिसळला असतां एंजिनांतील खडखड थांबते. १९२३ सालीं असें पेट्रोल विक्रीस आलें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील बेवे येथें तो द्रव तयार करणाऱ्या कारखान्यांत पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. कामगारांच्या रोगांचा जन्मभर अभ्यास केलेल्या ॲलिस हॅमिल्टन या विदुषीनें, आणि येल विद्यापीठाच्या यँडेल हेंडरसन यानें, १९२५ सालीं सार्वजनिक रीतीनें धोक्याची सूचना दिली. ती मानली गेली नाहीं. उद्योगाच्या आश्रयानें काम करणाऱ्या रॉबर्ट कीहो या वैद्यानें पुढें जवळजवळ चाळीस वर्षें असा पक्ष मांडला कीं, मनुष्याच्या शरीरांत शिसें असणें स्वाभाविक आहे, आणि एका मर्यादेच्या खालीं तें अपाय करीत नाहीं.

हा पक्ष ज्यानें मोडून काढला तो वैद्य नव्हता. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ. शिशाच्या समस्थानिकांवरून त्यानें १९५६ सालीं पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें ठरविलें. तें काम करीत असतां त्यास अडचण आली ती हीच कीं, प्रयोगशाळेंत जिकडे तिकडे शिसें. मेजावर, भांड्यांत, हवेंत, स्वतःच्या केंसांत! तें शिसें आलें कोठून, याचा त्यानें मागोवा घेतला. महासागराच्या खोल पाण्यापेक्षां पृष्ठभागावरच्या पाण्यांत शिसें अधिक आहे, म्हणजे तें अलीकडचें आहे व वरून पडलेलें आहे, असें त्यास आढळलें. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांनींहि तीच साक्ष दिली. १९६५ सालीं त्यानें लिहिलें कीं, आधुनिक मनुष्याच्या अंगांतील शिसें नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारें शंभरपट असावें. ज्याला लोक स्वाभाविक म्हणत होते तें केवळ सार्वत्रिक होतें. सार्वत्रिक आणि स्वाभाविक यांतील हा भेद, माझ्या मतें, या सर्व इतिहासाचा गाभा आहे; आणि तो केवळ शिशापुरता मर्यादित नाहीं.

त्यानंतर पुरावा वेगानें जमूं लागला. अमेरिकेंत पेट्रोलमधील शिसें कमी होऊं लागलें, तेव्हां १९७६ ते १९८० या चार वर्षांत तेथील लोकांच्या रक्तांतील शिसें सुमारें ३७ टक्क्यांनीं उतरलें. १९८५ सालीं त्याच पाहणींतील आंकड्यांवरून ४० ते ५९ वर्षांच्या पुरुषांत रक्तांतील शिसें आणि रक्ताचा दाब यांचा संबंध दाखविला गेला. २०१८ सालीं ब्रूस लॅनफिअर व त्याचे सहकारी यांनीं १४,२८९ अमेरिकन प्रौढांचा, सरासरी एकोणीस वर्षांच्या पाठपुराव्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. शंभर मिलिलिटर रक्तांत ६.७ मायक्रोग्रॅम शिसें असलेल्या मनुष्यास, १ मायक्रोग्रॅम असलेल्याच्या मानानें, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं मृत्यु येण्याचा धोका ७० टक्क्यांनीं अधिक होता. हृदयास रक्त न पुरल्यानें येणाऱ्या मृत्यूचा धोका तर दुपटीहून अधिक. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, ६.७ हा आंकडा कारखान्यांतील विषबाधेचा नव्हे. पूर्वींच्या मापानें तो अगदीं निर्दोष समजला गेला असता.

येथें चिकित्सक वाचक शंका घेईल, आणि ती घेणें योग्यच आहे. ज्याच्या रक्तांत शिसें अधिक, तो बहुधा दरिद्री असतो, तंबाखू ओढतो, धुरांत व धुळींत राहतो. मग मरतो तो शिशानें कीं दारिद्र्यानें? संशोधकांनीं या गोष्टी हिशेबांत धरून वजा करण्याचा प्रयत्न केलेला आहे. तथापि अशी वजाबाकी कधींच पूर्ण होत नाहीं. परंतु एकाच दिशेकडे बोट दाखविणारे साक्षीदार अनेक आहेत. प्राण्यांवरील प्रयोग, रक्तवाहिन्यांची रचना, निरनिराळ्या देशांतील पाहण्या, सर्व एकच सांगतात. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०२३ सालच्या निवेदनांत शिसें, कॅडमियम व सोमल यांस हृदयविकाराच्या कारणांत गणिलें. मतभेद आहे तो आंकड्याच्या मोठेपणाविषयीं. २०१९ सालीं जगांत शिशामुळें सुमारें नऊ लक्ष मृत्यु झाले असा एक मान्य अंदाज होता. जागतिक बँकेच्या दोघां संशोधकांनीं २०२३ सालीं, रक्तदाबाव्यतिरिक्त इतर मार्गांनीं हृदयावर होणारा परिणामहि जमेस धरून, त्याच वर्षासाठीं ५५ लक्ष हा आंकडा मांडला. लहान आंकडा खरा मानला तरी, वसईसारखे किती वेढे पडले असते म्हणजे एका वर्षांत इतकीं माणसें मेलीं असतीं, याचा विचार वाचकानेंच करावा.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईच्या हवेंतील व मुलांच्या रक्तांतील शिशाची शास्त्रीय मोजणी केली, ती तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं. जेथें किरणोत्सर्गापासून माणसास वांचविण्यासाठीं शिशाच्या भिंती उभारतात, त्याच संस्थेनें शिशापासून माणसास काय धोका आहे हें मोजावें, हा योगायोग मनोरंजक आहे. मुंबईच्या उपनगरांतील मुलांविषयींचा त्यांचा एक निबंध २००१ सालीं प्रसिद्ध झाला. हवेच्या एका घनमीटरांत एक मायक्रोग्रॅम शिसें वाढलें, तर मुलाच्या शंभर मिलिलिटर रक्तांत ३.६ मायक्रोग्रॅम वाढतें, असा हिशेब त्यांनीं दिला. १९९८–९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांचें रक्त तपासलें होतें. त्यांतील १०८१ मुलांच्या अभ्यासांत सुमारें ७६ टक्के मुलांच्या रक्तांत ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसें आढळलें, आणि १२ टक्क्यांच्या रक्तांत त्याहूनहि अधिक. भारतांत शिसेंविरहित पेट्रोल १९९५ च्या एप्रिलांत प्रथम चार महानगरांत आलें, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाचें पेट्रोल बंद झालें. जगांत त्याची अखेरची विक्री अल्जीरियांत २०२१ सालीं थांबली. मिजलीच्या शोधापासून बरोबर शंभर वर्षें लागलीं!

शिशाचें पेट्रोल गेलें म्हणजे शिसें गेलें, असें मात्र नाहीं. १९९८ सालीं मुंबईच्या धुरांत वाढणारें मूल आज पंचविशी ओलांडून संसाराला लागलें आहे. त्याच्या हाडांतली ठेव त्याच्याबरोबरच आहे. ज्या वयांत हृदय कुरकुर करूं लागतें, त्या वयाकडे ही सारी पिढी चालली आहे. शिवाय नवे मार्ग बंद झालेले नाहींत. घरगुती रंगांत दशलक्षांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं होऊन २०१७ च्या नोव्हेंबरापासून अमलांत आला. परंतु जुन्या भिंतींवरचा जुना रंग पोपडे होऊन पडतच असतो. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसें वितळविण्याचा उद्योग परसांतून चालतो, हें सर्वश्रुत आहे. युनिसेफनें २०२० सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत जगांतील ८० कोटि मुलांच्या रक्तांत ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसें असावें असा अंदाज दिला, आणि त्यांपैकीं २७ कोटींहून अधिक मुलें भारतांतील असल्याचें म्हटलें.

आणि येथें आपण पुन्हां समुद्राच्या कांठीं येतों. कोळ्यांचा आणि शिशाचा संबंध हा कल्पनेचा विषय नव्हे. कोलंबिया देशांतील कार्ताहेना शहराच्या कोळी वस्तींत जाळ्यांचीं वजनें घरीं ओतलीं जातात. तेथील मुलांच्या रक्तांत शिसें अधिक आढळलें. प्रशांत महासागरांतील चुक बेटांवर जुन्या बॅटऱ्या वितळवून मासेमारीचीं वजनें करीत, आणि मुलांच्या विषबाधेचा धागा तेथवर जाऊन पोंचला. दक्षिण थायलंडांत लांकडी होड्यांच्या फटी बुजविण्यासाठीं जें मिश्रण वापरतात त्यांत शेंदूर असतो. तेथें होड्यांच्या दुरुस्तीच्या जागेजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तांतहि तो उतरलेला दिसला. तिन्ही ठिकाणें एकमेकांपासून हजारों मैल दूर आहेत, भाषा निराळ्या, धर्म निराळे. परंतु जाळें तेंच, होडी तीच, चूल तीच. पाचूबंदराच्या, किंबहुना डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोळीवाड्यांच्या, माणसांचा याच हत्यारांशीं संबंध आहे. त्यांच्या रक्तदाबाची चौकशी करतांना सुक्या मासळींतलें मीठ आणि गुत्त्यावरची दारू यांवरच थांबणें, हा अर्धवट न्याय होईल.

उपाय अवघड नाहींत, हीच या कथेंतील आशेची बाजू आहे. शिसें वितळवावयाचें झाल्यास तें घरांत, स्वयंपाकाच्या चुलीवर किंवा मुलांच्या वावरांत वितळवूं नये. तें काम केलेल्या भांड्यांत पुन्हां अन्न शिजवूं नये. बारीक वजनें दातांनीं दाबूं नयेत. जाळ्याचें काम झाल्यावर हात धुतल्यावांचून घास घेऊं नये. बॅटऱ्या परसांत फोडूं नयेत. शिशावांचून जाळें बुडत नाहीं असेंहि नाहीं. सिंधुसंस्कृतीच्या ठिकाणीं भाजलेल्या मातीचीं जाळ्याचीं वजनें सांपडलीं आहेत. इंग्लंडांत गळाच्या बारीक शिशाच्या वजनांमुळें राजहंस मरतात असें आढळल्यावर १९८७ सालीं त्यांच्यावर बंदी आली. हंसांसाठीं जें झालें तें माणसांसाठीं अशक्य असूं नये. सरकारनें व मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनीं लोखंडाचीं वा सिमेंटाचीं वजनें स्वस्त उपलब्ध करून दिलीं, तर कोळी तीं टाकून देईल असें मानण्यास कारण नाहीं. मात्र तीं जड व टिकाऊ हवींत, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न जाळ्याशीं बांधलेला आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. हें विष एकदां हाडांत मुरल्यावर तें औषधानें उपसून काढूं आणि हृदय वांचवूं, ही आशा फोल ठरत आहे. शिसें बाहेर काढणाऱ्या औषधाचा अमेरिकेंतील पहिला मोठा प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां थोडा लाभ दिसला होता. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रोग्यांवरचा दुसरा प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत रक्तांतील शिसें ६१ टक्क्यांनीं उतरलें, तरी हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहींत. तेव्हां रक्त शुद्ध करून देतों म्हणणाऱ्यांच्या जाहिरातींस भुलण्यांत अर्थ नाहीं. तीव्र विषबाधेंत अशा औषधांचा उपयोग आहे, आणि तो जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालींच व्हावा. इतरांसाठीं खरा उपाय एकच : शिसें आंत जाऊंच न देणें.

विषाची परीक्षा पाहूं नये, अशी आपली म्हण आहे. या विषाच्या बाबतींत ती फिरवून घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं असें सुचविलें आहे कीं, ज्याच्या शंभर मिलिलिटर रक्तांत ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसें असेल, त्याच्या बाबतींत तें कोठून येतें याचा शोध करून तो मार्ग बंद करावा. ही परीक्षा कोळीवाड्याच्या दवाखान्यांत रक्तदाबाच्या परीक्षेइतकी साधी झाली पाहिजे. निदान रोग्यास मीठ किती खातोस असें विचारणाऱ्या वैद्यानें, शिसें ओततोस काय, हा आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. १७३९ सालीं वसईस पडलेल्या वीरांचें स्मरण आपण करतों, तें योग्यच आहे. त्यांना आपला शत्रु कोण हें ठाऊक होतें, आणि त्याचें निशाण तटावर दिसत होतें. ज्या शत्रूस निशाण नाहीं, त्याला ओळखण्याचें साधन केवळ माप. आणि तें माप आतां आपल्या हातीं आहे.